बारा बिटांचा कैवार

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांत तयार कानांचे गवई आहेत, स्टुडिओत हयात घालवलेले ध्वनिमुद्रक आहेत आणि गणित जाणणारे अभियंतेही आहेत. त्यांचं म्हणणं असं : १९८०च्या दशकातली डिजिटल वाद्यं आठ किंवा बारा बिटांची होती, कारण मेमरी महाग होती. त्यांचा आवाज खरखरीत, दबका, कडांना फाटलेला निघे. तो कुणी हौसेने घडवला नव्हता. परवडत नव्हतं म्हणून तसा निघत होता. पुढे सोळा आणि चोवीस बिटं कवडीमोलाने मिळू लागली आणि प्रश्न मिटला. आता त्याच स्वच्छ संगणकावर ‘प्लगइन’ नावाचं जोडसॉफ्टवेअर चढवायचं, स्वच्छ आवाज त्यातून काढून मळवून घ्यायचा आणि वर त्याचे पैसे मोजायचे, याला काय म्हणावं? टेपला, व्हॉल्व्हला स्वतःचा स्वभाव असतो, तेव्हा ॲनालॉग यंत्राची नक्कल एक वेळ समजू शकते. डिजिटलला कसला स्वभाव? तिथे आकडे बरोबर असतात किंवा चुकलेले असतात. चुकलेल्या आकड्यांवर गहिवर काढणं म्हणजे लो-फाय.

या पक्षाचं एक देशी रूप गोंदिया जिल्ह्यात ऐकू येतं. दिवाळी सरली, धान खळ्यावर आला की गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत. रात्री दहाच्या सुमाराला नाटकाचा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत काही खाली येत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा; ते गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरच आहे, त्यामुळे अर्जुनी मोरगावच्या बाजूला या नाटकांची ये-जा फार. मंचापुढे वादक बसतात : ऑर्गन, तबला आणि गेली काही दशकं की-बोर्ड व काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड. मिरवणूक असेल तर धुमाल पार्टी. तिच्या गाडीवरही पॅड आणि की-बोर्ड आहेतच. जाणकार मान हलवून सांगतात की ऑर्गन होता तोवर संगीत होतं, ही प्लास्टिकची खोकी आली आणि रया गेली. नागपुरात किंवा पुण्यात बसून झाडीपट्टीवर लिहिणाऱ्यांचा सूरही साधारण असाच असतो. ऑर्गनबद्दल ते हळवे होतात. ऑक्टोपॅडचा उल्लेख मात्र बहुधा ‘आता तर’ या शब्दांनी सुरू होतो.

स्टुडिओतला पक्ष आणि मंडपातला पक्ष एकाच गृहीतकावर उभे आहेत : जुन्या डिजिटल यंत्राचा आवाज म्हणजे केवळ उणीव, त्यात स्वतःचं असं काही नाही. माझा विरोध नेमका या गृहीतकाला आहे. बाकी बऱ्याच गोष्टी मी त्यांना देऊन टाकायला तयार आहे.

गणित त्यांचं बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करू. आठ बिटं म्हणजे आवाजाची उंची मोजायला २५६ पायऱ्या, बारा बिटं म्हणजे ४,०९६, सोळा बिटं म्हणजे ६५,५३६. एक बिट वाढलं की सर्वांत मोठा आवाज आणि मोजणीची चूक यांतलं अंतर सुमारे सहा डेसिबलने वाढतं. कागदावर हे अंतर आठ बिटांना सुमारे ५०, बाराला ७४ आणि सोळाला ९८ डेसिबल येतं. इथवर वाद नाही. पण पूर्वपक्ष यातून असं समजतो, की ही चूक म्हणजे आवाजावर सारखा पसरलेला धुरळा आहे. तसं ते नाही. टेपची सरसर संगीत चालू असो वा बंद, सारखीच असते. मोजणीची चूक मूळ आवाजालाच बांधलेली असते.

डग्ग्यावरचा एक जोरकस ‘घे’ घ्या. थाप पडते त्या क्षणी यंत्राच्या सगळ्या पायऱ्या कामाला लागतात आणि चूक जवळपास ऐकूच येत नाही. मग नाद विरू लागतो. तो जसजसा खाली येतो तसतशा हाताशी उरलेल्या पायऱ्या कमी होत जातात. अगदी शेवटी दोन-तीन पायऱ्यांवरच लाट वरखाली होते. तिचा गोल आकार जाऊन चौकोनी कंगोरे येतात आणि मिंडेचा शेवट करकरत संपतो. म्हणजे ठोका स्वच्छ आणि शेपूट खरबरीत. जोराने वाजवलं तर एक आवाज, हळू वाजवलं तर दुसराच. वादकाच्या हातानुसार बदलणाऱ्या गोष्टीला स्वभाव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शिवाय ही चूक आवाजापासून सोडवायची युक्ती अभियंत्यांना फार आधी ठाऊक होती. बिटं कमी करण्यापूर्वी मुद्दाम किंचित गोंगाट मिसळायचा, की करकर जाऊन तिच्या जागी साधी सरसर येते. याला डिदर म्हणतात. एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रांसाठी ही युक्ती वापरली होती. म्हणजे करकर ठेवायची की घालवायची हा निर्णय असतो.

आता बिटांच्या पलीकडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीने १९८७ साली एसपी-१२०० नावाचं यंत्र काढलं. बाहेरचा आवाज टिपून तो ड्रमसारखा वाजवता येईल असं हे सॅम्पलर. बारा बिटं, सेकंदाला आवाजाच्या उंचीची सुमारे २६,०४० मापं आणि सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावेल एवढी जागा. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्यांनी हे यंत्र डोक्यावर घेतलं. दहा सेकंद पुरत नसत, म्हणून ते ३३च्या गतीची तबकडी ४५च्या गतीने वाजवून टिपत आणि मग यंत्रात तिचा पिच खाली ओढत. असं केलं की दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज बसतो. पण खाली ओढताना काय होतं ते पाहा.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आवाज एक सप्तक खाली आणला असं धरू. आजचं सॉफ्टवेअर मधली नसलेली मापं गणिताने काढून भरतं. एसपी-१२०० ही उठाठेव करत नाही. हाती असलेलं प्रत्येक माप ते दोनदा वाचतं. मूळ आवाजात ५,००० हर्ट्झचा अंश असेल तर तो अपेक्षेप्रमाणे २,५०० वर येतो. पण त्याची एक पडछायाही उमटते, १३,०२० वजा २,५००, म्हणजे १०,५२० हर्ट्झवर. २,५००च्या कुठल्याच पटीत हा आकडा बसत नाही, म्हणून सुराच्या दृष्टीने ती उपरी आहे. झांजेच्या किंवा स्नेअरच्या आवाजात अशा शेकडो पडछाया मिळून एक धातूसारखी धार येते. मूळ तबकडीत ती नव्हती. यंत्राच्या गणिताने ती जन्माला घातली.

आणि यंत्र बांधणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. एसपी-१२००च्या मागच्या आठ वाटांपैकी पहिल्या दोन वाटांवर एसएसएम २०४४ हा ॲनालॉग फिल्टर बसवलेला, मधल्या चार वाटांवर ठरावीक फिल्टर आणि शेवटच्या दोन वाटा उघड्या. ढोलासारखा भरीव आवाज पहिल्या वाटेने काढला तर पडछाया गाळल्या जातात. झांज उघड्या वाटेने काढली तर त्या जशाच्या तशा बाहेर येतात. कुठला आवाज कुठून काढायचा हे वादक ठरवत असे. पूर्वपक्ष ज्याला निव्वळ नाइलाज म्हणतो त्यात एवढं तारतम्य वापरलं जात होतं.

पुढच्याच वर्षी, १९८८ साली, अकाई कंपनीचं एमपीसी-६० आलं. रॉजर लिन यांनी आखलेल्या या यंत्राची साठवणही बारा बिटांचीच, पण त्यात पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत : हळू आवाजासाठी बारीक, मोठ्यासाठी ढोबळ. म्हणून त्याची शेपटं एसपी-१२००सारखी करकरत नाहीत. त्याच सुमाराचा अकाईचाच एस-९५० सॅम्पलर पुन्हा बारा बिटांचा; पण पिच बदलताना तो मापं गाळत किंवा दोनदा वाचत नाही, वाचण्याचा वेगच बदलतो. त्यामुळे त्याच्या पडछायांची जात वेगळी. बारा बिटांची तीन यंत्रं आणि तीन आवाज. ‘डिजिटलला स्वभाव नसतो’ हे विधान इथे टिकत नाही. बिटांचा आकडा ही यंत्राची ओळख नव्हे. मापं कशी घेतली, कशी साठवली, कशी वाचली आणि कुठल्या वाटेने बाहेर काढली, या सगळ्यांची मिळून ती ओळख बनते.

जाता जाता दुसऱ्या बाजूलाही एक टोला. ‘व्हिंटेज’ अशी पाटी लावलेल्या बऱ्याच स्वस्त प्लगइनांत दोनच खुंट्या असतात : एक बिटं कमी करायची, दुसरी मापांचा वेग उतरवायची. पूर्वपक्षाला जे वाटतं तेच या विक्रेत्यांनाही वाटतं, की जुना आवाज म्हणजे नव्यातून काहीतरी वजा. भांडण करणाऱ्या दोघांचं गृहीतक एकच निघावं हा योगायोग मला भारी आवडतो. नीट केलेली प्लगइनं वजाबाकी करत बसत नाहीत. यंत्राची आतली रीत पुन्हा मांडतात.

इथे डिजिटल यंत्राची नक्कल ॲनालॉग यंत्राच्या नकलेपेक्षा कितीतरी पक्क्या पायावर उभी असते, हा मुद्दा पूर्वपक्षाने नेमका उलटा धरला आहे. टेप, व्हॉल्व्ह यांचं वागणं तपमानावर, झिजेवर अवलंबून. त्याची नक्कल म्हणजे अदमास. यामाहाचं डीएक्स-७ घ्या. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडलेली आवाज घडवायची रीत यामाहाने परवान्यावर घेतली आणि १९८३ साली हे वाद्य बाजारात आणलं : सहा ऑपरेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारे घटक, आणि ते जोडायच्या ३२ ठरलेल्या रीती. त्याच्या आत आवाज टिपून ठेवलेला नसतो. तो पूर्णांकांच्या गणिताने जागच्या जागी तयार होतो. तेच गणित, त्याच ढोबळपणासह, आजच्या संगणकावर हुबेहूब करता येतं. डेक्स्ड नावाचं फुकट मिळणारं प्लगइन हेच करतं, आणि त्यात आधुनिक बारीक गणित की मूळ यंत्राचं ढोबळ गणित, हे निवडायची सोयही आहे. दोन्ही लावून ऐका. बारीक गणिताची घंटा सपाट वाटते, ढोबळ गणिताची जरा कुरकुरीत. शिल्लक राहतात ते शेवटचे ॲनालॉग भाग, आकड्यांतून पुन्हा वीज करणारे. तिथे अदमास आहे, कबूल. पण मुख्य ऐवज अदमासाचा नाही.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. विरोधकांचा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होता : पट्टीचे सूर ठरलेले, त्यांत श्रुती नाहीत, मींड नाही, आणि सारख्या वाटून घेतलेल्या सुरांचा गंधार आपल्या गंधाराशी जुळत नाही. सगळं खरं. आणि त्याच काळात गोविंदराव टेंबे ती पेटी अशी वाजवत, की ऐकणाऱ्याला हा हिशेब सुचूही नये. नाट्यसंगीताचा तर आवाजच पेटी-ऑर्गनवर बेतलेला. गंमत अशी, की झाडीपट्टीतल्या ज्या ऑर्गनसाठी आज जाणकार हळहळतात तो याच खानदानातला : पितळेच्या पट्ट्यांचा, ठरल्या सुरांचा, पाश्चात्त्य देवळांतून आणि दिवाणखान्यांतून आलेला. एके काळची उणीव आज परंपरा म्हणून मिरवते. मोजमाप बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता. बिटांच्या बाबतीत तेच चाललं आहे.

आणि ‘डिजिटलला आवाज नाही’ म्हणणाऱ्या गवयालाच विचारा. बंगळूरच्या जी. राज नारायण यांच्या रडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी नेला. आज कित्येक विद्यार्थ्यांचा ‘सा’ अशा डब्यावरच पक्का झालेला आहे. शेजारच्या खोलीत डबा लावलाय की खरा तानपुरा, हे तोच गवई दार न उघडता सांगेल. ओळखू येतो तो आवाज असतो.

आता गोंदियात परत येऊ, कारण माझ्या मते पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा घोटाळा इथे उघडा पडतो. ध्वनीचा अस्सलपणा ते मोजतात तो मूळ घटनेशी ताडून : वाद्य वाजलं तसं ऐकू आलं का. ठीक. पण मंडईतल्या नाटकात मूळ घटना कोणती? ऑक्टोपॅडमधून तारेने निघालेला संकेत कुणीच ऐकत नाही. लोक ऐकतात ते मिक्सर, अँप्लिफायर आणि भोंगे यांतून आलेलं. भोंग्याला खालचे खर्ज झेपत नाहीत आणि सहा-सात हजार हर्ट्झच्या वर तो थकतो. ज्या साखळीचा शेवटचा दुवा असा आहे तिच्यात सेकंदाला २६ हजार मापं घेतली काय आणि ४४ हजार घेतली काय, शेवटच्या रांगेतल्या माणसाला फरक पडत नाही. म्हणजे ढोबळ यंत्र इथे गरिबीची खूण नव्हतं. जागेला पुरेसं होतं. वर आणखी एक : त्या यंत्राची ती धातूसारखी धार नेमकी भोंग्याला झेपणाऱ्या पट्ट्यात असली की शेतावरून, गर्दीवरून, जनरेटरच्या घरघरीवरून ठोका आरपार जातो. स्टुडिओत टिपलेली मऊ, खोल ढोलकी तिथे लावून पाहावी. ती पहिल्या चार रांगांतच बसून राहील.

निवेदकाच्या एकोचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ‘रसिक मायबाप’ म्हटलं की मागून तीन वेळा ‘बाप’ यायलाच हवं. हा एको कुठून येतो? स्वस्त मिक्सरांत आणि कराओकेच्या पेट्यांत तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी-२३९९ ही चिप फार आढळते. तिच्या पोटात मेमरी सुमारे ४४ हजार बिटांची, तीही ठरलेली. एको लांबवायचा तर मेमरी वाढत नाही; चिपचा वेग मंदावतो आणि त्याच जागेत जास्त वेळ कोंबला जातो. साध्या हिशेबाने पाहा : विलंब ०.३ सेकंदाचा ठेवला तर सेकंदाला सुमारे दीड लाख बिटं हाती राहतात; सीडीच्या एका वाहिनीला सात लाखांहून जास्त लागतात. विलंब ०.१ सेकंदावर आणला की तीच चिप साडेचार लाखांच्या घरात जाते आणि आवाज बराच उजळतो. म्हणून खुंटी पिळली की ‘बाप’ नुसता लांब जात नाही, भुरकटतो. मंडपातला ऑपरेटर हे कधी शिकला नाही, पण पक्कं ओळखून असतो : निवेदनाला लांब एको, गाण्याला आखूड. परदेशांत हीच चिप गिटारच्या पेडलांत हौसेने घालतात, आणि त्या भुरकटपणाचं तिथे कौतुक होतं. सालेकसा-देवरीकडच्या मंडपात तोच आवाज ‘सुधारणेची गरज’ ठरतो. हा भेद कानाचा नाही, पत्त्याचा आहे.

तेव्हा समजा कुणी झाडीपट्टीवर चित्रपट काढला, किंवा १९९०च्या दशकातल्या मंडईचा आवाज एखाद्या माहितीपटासाठी पुन्हा उभा करायचा ठरवला. तिथे चोवीस बिटांची चकचकीत ढोलकी आणि सभागृहातल्यासारखा गुळगुळीत एको घातला तर तो शुद्ध खोटेपणा होईल. तो आवाज तिथे कधी नव्हताच. उलट बरोबर बिटांत, बरोबर वेगात, बरोबर फिल्टरमधून काढलेली नक्कल हीच तिथे अस्सल. ऐतिहासिक नाटकात नऊवारीच्या पदराबद्दल पत्र लिहिणारे प्रेक्षक आपल्याकडे आहेत. आवाजाबद्दलही लिहायला हरकत नसावी.

पूर्वपक्षाला जे द्यायचं ते आता देतो. बहुतेक ठिकाणी ही प्लगइनं आळसाने वापरली जातात. गाणं संथ करायचं, त्यावर पाण्यासारखा रिव्हर्ब ओतायचा, वरून तबकडीची चरचर शिंपडायची आणि ‘लो-फाय’ म्हणून मोबाइलवर सोडून द्यायचं. यात ना जुनं यंत्र असतं ना नवा विचार. गोंदियातला विशीतला पोरगाही आपल्या गाण्यावर सुईची चरचर टाकतो. त्याच्या घरात कॅसेट होत्या, नंतर सीडी आल्या, पुढे मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आली. तबकडी त्याने लग्नाच्या पत्रिकेवर छापलेली पाहिली असेल तेवढीच. हे उसनं स्मरण आहे, आणि त्याची थट्टा मी पूर्वपक्षाच्या बरोबरीने करीन. पण रोग वापरण्याचा आहे. कुणी वाईट रंगवतो म्हणून गेरू खोटा ठरत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती प्लगइनवाल्यांशी आहे. त्यांनी नक्कल कुणाची केली? न्यूयॉर्कच्या सॅम्पलरची, लंडनच्या स्टुडिओंत वाजलेल्या रिव्हर्बची, जपानी सिंथेसायझरची. तीही पाश्चात्त्य तबकड्यांवर ऐकू येतात त्या आवाजात. १९७८चा लेक्सिकॉन २२४ हा रिव्हर्ब कित्येक रूपांत मिळतो. पण यामाहाने खास भारतासाठी काढलेल्या, नावात ‘आय’ अक्षर असलेल्या पीएसआर की-बोर्डांतला तबला आणि तानपुरा? त्यांच्यावर किती लग्नं लागली, किती ऑर्केस्ट्रा चालले, किती भीमगीतं आणि गोंडी गाणी ध्वनिमुद्रित झाली! ती यंत्रं आज घरोघरच्या माळ्यावर आहेत. रबरी संपर्क झिजतात, दमट पावसाळ्यात आतल्या पट्ट्या गंजतात. एसपी-१२००ची काळजी करणारे जगभर आहेत. ई-म्यूचे संस्थापक डेव्ह रोसम यांनी ते यंत्रच नव्याने बांधून विकायला काढलं. गोंदियाच्या बाजारातल्या जुन्या की-बोर्डला असा वाली नाही. त्याच्या आतल्या आवाजांवर कंपनीचा हक्क असतो, म्हणून कुणी उचलून सॉफ्टवेअरमध्ये घालूही शकत नाही. पण वादकांनी ते वाजवून, मुद्रित करून, कुठल्या मिक्सरमधून कुठल्या भोंग्याने ते बाहेर पडत होतं याची टिपणं ठेवायला कुणाची ना नाही.

आता शेवटचा आक्षेप, जो सगळ्यांत वजनदार आहे. म्हणतात, खेड्यातल्या वादकाला हा आवाज आवडत होता हे तुम्ही शहाण्यांनी ठरवलं. त्याला पर्यायच नव्हता. चांगलं यंत्र मिळालं असतं तर त्याने जुनं टाकून दिलं असतं.

हा आक्षेप अनुभवावर तपासता येतो, आणि बाजाराने तो तपासलेला आहे. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. त्यात स्वतःचे आवाज नव्हते, दुसऱ्या यंत्राला तो नुसता इशारा द्यायचा. आपल्याकडे घर केलं ते १९९८च्या एसपीडी-२० ने. आठ पॅड, आत सातशे आवाज आणि बाहेरचा आवाज भरायची सोय नाही. मग वादकांनी आतल्याच आवाजांचा पिच उतरवला, शेपूट तोडली, दोन आवाज एकावर एक चढवले, आणि आपल्याला हवी तशी ढोलकी, हवा तसा डफ त्यातूनच उभा केला. हे ‘पॅच’ गुरूकडून शिष्याकडे गेले, पुढे विकले जाऊ लागले. २०१० साली रोलँडनेच एसपीडी-३० आणला : आवाज अधिक स्वच्छ, सोयी अधिक. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्यापुढे पर्याय उभा होता. तरीही धुमालच्या गाडीवर आणि नाटकाच्या मंचापुढे जुन्या वीसला मागणी राहिली, हातोहात फिरलेले जुने नग विकले जात राहिले, आणि अखेर रोलँडला एसपीडी-२० एक्स आणि एसपीडी-२० प्रो या नावांनी तोच विसाचा आकडा पुन्हा बाजारात आणावा लागला. ज्यांना पर्याय नव्हता असं म्हणतात, त्यांनी पर्याय हातात घेऊन, वाजवून, परत ठेवला आहे.